हाय म्हणायचं नाही

सरांच्या प्रयोगशाळेत एक शब्द उच्चारायला बंदी होती आणि तो नेमका आमचा होता. हाय. तिसगावच्या मुलीनं ‘हाय’ म्हणायचं नाही म्हणजे तोंडच उघडायचं नाही. आमच्याकडे पाणी हाय, लाईट गेलेली हाय, आई घरी हाय, एसटी यायची हाय. वाक्य कुठूनही निघो, मुक्कामाला तिथंच येतं. इथं ते मुक्कामाला पोचायच्या आत टेबलावर लाकडी पट्टी वाजायची. खाड्.

“परत बोल.”

“वायर जोडलेली हा… आहे, सर.”

“हं.”

‘हं’ म्हणजे पुढे चला. सरांकडून याहून मोठी शाबासकी मी कुणाला मिळालेली पाहिली नाही.

नगरच्या बाहेर माळावर आमचं कॉलेज. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सर आम्हाला कॉम्प्युटर आर्किटेक्चर शिकवायचे, म्हणजे संगणक आतून कसा रचलेला असतो ते. बाकीच्या विषयांत संगणक म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. सरांच्या विषयात तो उघडाबोडका असायचा. बोटाच्या पेराएवढ्या काळ्या चिपा, भोकाभोकांच्या पांढऱ्या पाट्या, त्यांत खोचलेल्या रंगीत तारा आणि मिणमिणते दिवे. सगळा कारभार दोनच गोष्टींवर, वीज असली तर एक, नसली तर शून्य. पुस्तकात या दोन पातळ्यांना इंग्रजीत ‘हाय’ आणि ‘लो’ म्हटलेलं होतं. सर मात्र एक आणि शून्यच म्हणायचे. पुस्तकाशी त्यांचं पटत नसावं, एवढंच आम्ही समजलो. तसं त्यांचं फारसं कुणाशीच पटत नसे.

उंच, किडकिडीत माणूस. हात कायम पाठीमागे बांधलेले आणि त्या हातांत ती पट्टी. तोंडात बडीशेप. तुम्ही पाटीवर वाकून तारा खोचत असलात की मागून बडीशेप चावल्याचा आवाज यायचा आणि समजायचं, आले. हातातली तार निसटायची. अजूनही कानाशी कुणी बडीशेप चावली की मी दचकते. सर बोलत काहीच नसत. तुमची तार चुकीच्या भोकाकडे निघालेली त्यांना लख्ख दिसत असायची आणि ते तिला खुशाल जाऊ द्यायचे. मग दिवे लागायचे नाहीत. मग सर म्हणायचे, “परत बघ.” कुठं बघू विचारलं तरी “परत बघ.” एकदा एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, “सर, एकदा तुम्हीच लावून दाखवा ना.” सर चक्क मागे सरकले.

“मी हात लावला की ते माझं होईल,” ते म्हणाले. “माझं केव्हाच करून झालंय.”

हे सगळं मी सोसलं असतं. मला सोसलं नाही ते हायचं. नगरच्या नि पुण्याकडच्या मुलांना ती पट्टी क्वचित लागू व्हायची. पट्टी आमच्यासाठी, पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आलेल्यांसाठी. एका दुपारी माझ्या एकटीच्या बोलण्यावर ती इतक्यांदा वाजली की पोरं तोंड लपवून हसायला लागली. माझं डोकं फिरलं. मी स्टूल सरकवून उभी राहिले.

“सर, आमी काय आता घरून दुसरी भाषा आनायची का?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बडीशेप चावणंही थांबलं.

“आणा,” ते म्हणाले.

वर्ग खो खो हसला. मी होस्टेलवर जाऊन उशीत डोकं खुपसून रडले आणि या माणसाला आयुष्यात माफ करायचं नाही असं ठरवलं. त्यानंतरच्या आठवड्यात जिन्यात सर फोनवर बोलताना सापडले. हात लावून तोंड झाकलेलं, आवाज मात्र चांगलाच चढलेला. “व्हय आक्का. जेवलो म्हन्लं ना! भाकरी हाय, पिठलं हाय, समदं हाय. तू गोळ्या घेतल्या का न्हाई?” मी वरच्या पायरीवर थिजून उभी. सर जामखेडकडच्या खर्ड्याचे होते हे मग विचारल्यावर कळलं, आणि माझा राग दुप्पट झाला. म्हणजे हा आमच्यातलाच. स्वतःच्या बोलीची लाज वाटते म्हणून आमच्या पाठी लागलेला. मी हे सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितलं.

पण शिकवायचे कसे, ते सांगायलाच हवं, नाहीतर मी अन्याय करीन. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला एक चिप दाखवली होती. तिच्या एका पायाला, म्हणजे पिनेला, काहीच जोडलेलं नव्हतं. पुढे दिवा होता. “कुणीतरी हात जवळ न्या. लावू नका.” मी नेला. दिवा लागला. हात मागे घेतला, विझला. कुणी खुर्ची सरकवली, परत लागला. पोरं चाट पडली.

“ही पिन कुणालाच बांधलेली नाही,” सर म्हणाले. “म्हणून ती हवेचं ऐकते. कधी एक म्हणेल, कधी शून्य. तुमच्या तोंडावर बरोबर उत्तर देईल आणि पाठ फिरली की बदलेल. मेलेली पिन परवडली. हिच्यावर विश्वास टाकायचा नाही.”

‘हवेचं ऐकतो’ हे मग सरांचं माणसांविषयीचंही मत होऊन बसलं. विभागप्रमुख हवेचं ऐकायचे. वर्गाचा प्रतिनिधी हवेचं ऐकायचा. कॅन्टीनचा चहासुद्धा एकदा हवेचं ऐकणारा ठरला. आम्ही होस्टेलवर एकमेकांना तेच म्हणायचो, तेही सरांची नक्कल करत, हात मागे बांधून.

आणि हजेरी. वीज चालू करायच्या आधी सर पिनांची हजेरी घ्यायला लावायचे. जोडीतल्या एकानं तारेचं नाव पुकारायचं, दुसऱ्यानं बघून ओ द्यायची. पहिली हजेरी जोडणीची, उत्तर ‘आहे’ नाहीतर ‘नाही’. मग वीज सोडून दुसरी हजेरी पातळीची. हातात पेनासारखी तपासणीची कांडी घ्यायची, तिचं टोक पिनेला टेकवायचं, लाल दिवा लागला की ‘एक’, हिरवा लागला की ‘शून्य’. दोन हजेऱ्या, चार शब्द, पाचवा नाही. शाळेत प्रार्थना म्हणावी तशा खोलीभर जोड्या पुकारत असायच्या. माझा जोडीदार रूबेन, नगरचाच, चर्चमध्ये गाणारा. त्याचा आवाज असा खणखणीत की बाजूच्या टेबलांचा गोंधळ व्हायचा, ती आपल्याच पिनेची ओ समजायची.

दुसऱ्या सत्रात विभागप्रमुख एके दिवशी प्रयोगशाळेच्या दारात आले. आत नाही, दारातच. पुढच्या वर्षीपासून हे प्रयोग पडद्यावर करायचे, तारा-चिपांचा पसारा कशाला, आणि ही खोली एआयच्या नव्या प्रयोगशाळेला हवी आहे, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. सरांची नेमणूक वर्षावर्षाची. दर उन्हाळ्यात नवी ऑर्डर निघायची तेव्हा ते पुढचं वर्ष शिकवणार.

“हे काढू नका,” सर म्हणाले. त्यांना कुणाला विनंती करताना मी तेवढंच पाहिलं.

“बरं, असं करू. बाहेरची समिती येणार आहे. तुमची मुलं ते यंत्र बनवतायत ना? त्यांचं यंत्र समितीसमोर चाललं तर खोली तुमची. नाही चाललं तर मग खोली नाही आणि ऑर्डरचंही माझ्या हातात काही नाही.”

“ठीक,” सर म्हणाले, आणि पाठ वळवून बडीशेप तोंडात टाकली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. यंत्र माझं आणि रूबेनचं होतं.

यंत्र म्हणजे तीन टेबलांवर पसरलेला, हातानं जोडलेला छोटासा संगणक. काम एकच, दोन आकडे घेऊन बेरीज करायची. एक बटण दाबत गेलं की तो पायरी पायरीनं काम करायचा आणि शेवटी दिव्यांवर उत्तर यायचं. मोबाईलवर पोरंही करतात ती बेरीज, त्यात काय, असं माझी आई म्हणाली. पण त्यातली तारन् तार आम्ही लावलेली होती. त्या दिवसांत सर आमच्या मागे उभे राहायचे ते हलायचेच नाहीत. मला त्यांचा राग होता आणि तरी सारखं वाटायचं की आपल्या हातून एक तार चुकली तर या माणसाची भाकरी जाईल. असल्या माणसाची काळजी वाटते याचाही राग यायचा.

समिती आली ती वेळेच्या आधीच. सरांना फाटकावर बोलावणं आलं आणि ते गेले. विभागप्रमुख दारातून ओरडले, “आटपा, आटपा, आणतोय त्यांना वर!” आमची हजेरी व्हायची होती.

“दोन्ही एकदमच घेऊ,” रूबेन म्हणाला. मी मान हलवली. मी तारांची नावं पुकारायला लागले, तो कांडी टेकवत ओ द्यायला लागला.

“क्लॉक?”

“आहे, शून्य!”

“रिसेट?”

“हाय!”

“कॅरी?”

“आहे, शून्य!”

जिन्यावर बूट वाजले. मी पट्टीच्या भीतीनं दाराकडे पाहिलं, सर अजून आत आले नव्हते. वाचला, असं मनात म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं.

समितीत दोन गृहस्थ आणि एक मॅडम. गृहस्थ दाराशीच रेंगाळले, मॅडम मात्र थेट टेबलाशी आल्या. त्यांनी वाकून प्रत्येक पाटी पाहिली. सर भिंतीला टेकून उभे, हात मागे. मी तीन आणि पाच घातले. बटण दाबत गेले. प्रत्येक दाबाला एकेक दिवा सरकत होता. शेवटी चार दिव्यांतला डावीकडचा एकटा दिवा लागला. एक, शून्य, शून्य, शून्य, म्हणजे संगणकाच्या मोजणीत आठ.

“अरे वा!” मॅडम म्हणाल्या. “परत दाखव. आणि तुम्ही दोघं जरा बाजूला व्हा ना, मला नीट दिसू दे.”

आम्ही बाजूला झालो. रूबेन भिंतीकडे गेला, मी हात लांब करून बटण दाबलं. दिवे एक पायरी पुढे गेले आणि सगळे विझले. परत सुरुवात केली. दोन पायऱ्या, विझले. परत. पहिल्याच पायरीला विझले. मी तारा चाचपल्या, वीज बंद-चालू केली, रूबेननं चिपा दाबल्या. यंत्र मध्येच बरोबर चालल्यासारखं करायचं आणि ऐन वेळी सगळं विसरायचं.

मी सरांकडे पाहिलं. ते तिसऱ्या पाटीकडे बघत होते, पापणी न हलवता. त्यांना सापडलेलं होतं. देवाशपथ सांगते, त्यांना सापडलेलं होतं.

“परत बघ,” ते म्हणाले.

“सर, तुम्ही जरा हात लावा आणि संपवा ना,” विभागप्रमुख म्हणाले.

“यंत्र मुलांचं आहे.”

“तुम्हाला चूक माहीत आहे?” मॅडमनी विचारलं.

“आहे.”

“मग?”

“त्यांना सापडेल.”

त्या भिंतीपासून त्या पाटीपर्यंत फार तर दोन पावलं होती. दोन पावलं आणि एक बोट. सरांच्या पाठीमागे ती पट्टी भिंतीवर टकटक वाजत होती, पण हात काही पुढे आले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला तारांचे रंगसुद्धा ओळखू येईनात. एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. विभागप्रमुख म्हणाले, “चला, खाली वडे गार होतायत.” मॅडम मागे वळून वळून बघत गेल्या, पण गेल्या.

खोलीत आम्ही तिघं राहिलो.

“परत बघ,” सर म्हणाले, पण या वेळी हळू.

मला एकदम पहिला दिवस आठवला. मी तारांना न लावता, तळहात नुसता पाट्यांवरून फिरवत नेला. पहिली पाटी, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरीवर रिसेटच्या चिपेपाशी हात आला आणि दिवे बिचकले. मी वाकून पाहिलं. पिवळी तार भोकाच्या शेजारी नुसती टेकलेली होती, आत नव्हती. रिसेट म्हणजे सगळं पुसून टाकणारी तार. ती कायम एकवर बांधून ठेवायची असते, शून्य झाली की यंत्र केलेलं सगळं विसरतं. आमची कशालाच बांधलेली नव्हती. ती हवेचं ऐकत होती.

“रूबेन, ही जोडलेली हाय म्हनलास ना तू?”

“मी कुठे? मी हाय म्हणालो.”

“मंग तेच तर!”

“अगं, हाय! लाल दिवा लागला होता. एक!”

नगरचा पोरगा घाईत इंग्रजी बोलला होता आणि तिसगावच्या पोरीनं मराठी ऐकली होती. कांडी टेकवली त्या क्षणी ती मोकळी पिन नेमकी एक म्हणाली होती आणि मी समजले होते की ती बांधलेली आहे.

मी सरांकडे वळले. “म्हनून तुमी हाय म्हनू देत नव्हता?”

“हं.”

“मंग वर्षभर सांगितलं का न्हाई? आमाला वाटलं, तुमी आमच्या बोलीला नावं ठेवता!”

“तुमच्या बोलीला?” सर दचकले. “ती माझीच बोली आहे. मी पुस्तकातलं हाय बंद केलं होतं.”

“मग पट्टी आमच्यावर का वाजायची?”

“ऐकताना कोणतं ते कळत नाही ना. म्हणून तर.” ते पाटीकडे बघत म्हणाले, “मला वाटलं, हे दिसतंय तुम्हाला.”

मी तार आत खोचली. तीन आणि पाच. बटण दाबत गेले, मग लांब जाऊन हात ताणून दाबलं, मग रूबेनला दारापाशी उभं करून दाबलं. दर वेळी आठ. रूबेन धावत खाली गेला आणि तोंड पाडून वर आला. समितीची गाडी निघून गेली होती.

“सर, तार दिसत होती ना तुमाला?”

“दिसत होती.”

“मंग बोट लावायचं ना! लई मोठं काम हुतं का?”

“मुलांचं यंत्र चाललं तर, असं ठरलं होतं. मी बोट लावलं असतं तर माझं चाललं असतं.” त्यांनी डावीकडच्या दिव्याकडे बघत म्हटलं, “आठ. हं.”

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आजही वाटतं. त्यांचं चुकलं असं मी कुणालाही सांगेन, आणि दुसऱ्या कुणी तसं म्हटलं तर त्याच्याशी भांडेन.

त्या उन्हाळ्यात सरांची ऑर्डर निघाली नाही. खोलीला रंग लागला, फिरत्या खुर्च्या आल्या. पाट्या आणि चिपा भंगारात टाकायला काढल्या होत्या, त्यांतलं आमचं यंत्र रूबेननं उचलून घरी नेलं. सर खर्ड्याला आक्कांकडे, थोरल्या बहिणीकडे, राहायला गेले एवढं कळलं. निरोप घ्यायलाही ते कुणाला भेटले नाहीत.

मी आता सुप्याला एका कारखान्यात कंट्रोल पॅनल तपासते. माझ्या टेबलावर हजेरी दोनदा होते आणि ‘हाय’ म्हणायला बंदी आहे. का ते मी पहिल्याच दिवशी समजावून सांगते, नवीन येणाऱ्या प्रत्येकाला, कंटाळा येईपर्यंत.

मागच्या महिन्यात रूबेनचा फोन आला की सरांच्या आक्का गेल्या. मी लगेच सरांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं सगळं विसरले.

“सर, मी तिसगावची. हायवाली.”

“हं.”

“बरे आहात ना?”

“हाय,” ते म्हणाले. आवाज अगदी जिन्यातला, आक्कांशी बोलतानाचा.

माझ्या तोंडून निघून गेलं, “जोडलेलं हाय सर, का नुसतंच हवेवर हाय?”

पलीकडून बडीशेप चावल्याचा आवाज आला.

“नुसतंच,” सर म्हणाले.

रविवारी मी आणि रूबेन ते यंत्र एका मोठ्या पिशवीत घालून खर्ड्याला गेलो. प्रवासात अर्ध्या तारा निघाल्या होत्या. सर स्टँडवर येऊन थांबलेले होते, तसेच, हात पाठीमागे बांधून. मी एसटीच्या पायरीवरून उतरले तेव्हा त्यांनी पिशवीतून बाहेर आलेली पिवळी तार पाहिली. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि पिशवी माझ्या हातातून घेतली.